सातवीतला सी प्लस

जूनमधली गोष्ट. पाऊस अजून यायचा होता, उकाड्याने जीव नकोसा झाला होता. कूलरच्या घरघरीत फोनवरचं नीट ऐकू येईना, म्हणून मी मागच्या अंगणात आले. लेक तिकडून म्हणाला, "आई, तिचा गणिताचा ग्रेड काढून टाकता येतो म्हणे. आपण फक्त अर्ज द्यायचा."

मला आधी कळेचना. नागपुरात 31 वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं मी. गुणपडताळणी माहीत होती, ग्रेस मार्क माहीत होते, पुरवणी परीक्षा माहीत होती. पण मिळालेला ग्रेड आईवडिलांनी अर्ज केला की कागदावरून निघून जातो, हे पहिल्यांदाच ऐकत होते.

नात व्हर्जिनियात राहते, वॉशिंग्टनपासून जवळच. बारा वर्षांची आहे, नुकतीच सातवी संपली. सहावीत गणितात चमकली म्हणून शाळेने तिला सातवीतच 'अल्जेब्रा वन'च्या वर्गात घातलं. बातमी आली तेव्हा मी लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकातून पेढे आणून शेजारीपाजारी वाटले होते. वर्ष संपलं आणि हाती आला सी प्लस. पोरगी दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही, असं सूनबाई सांगत होती.

आता मला जे समजलं ते सांगते, कारण आपल्या नागपुरातल्या कितीतरी घरांतली नातवंडं तिकडे शिकतात आणि आपण आजी-आजोबा फोनवर नुसतं "अभ्यास कर" म्हणत राहतो.

तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. आपल्यासारखी मार्चमधली एकच मोठी परीक्षा नसते. चारही वर्षांतला प्रत्येक विषय, त्यात मिळालेला ग्रेड आणि क्रेडिट, म्हणजे तो विषय पुरा केल्याची जमा, एकाच कागदावर चढत जातं. त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. त्या सगळ्या ग्रेडची सरासरी म्हणजे जीपीए. ए ला 4, बी ला 3, सी ला 2, आणि नातीच्या शाळेत सी प्लसला 2.3. कॉलेजं प्रवेश देताना हा कागद बारकाईने बघतात. इथपर्यंत मला पटलं. चार वर्षांचं काम एका दिवसाच्या पेपरपेक्षा जास्त खरं बोलतं, असं मी नोकरीत असतानाही म्हणायची.

गोम पुढे आहे. अल्जेब्रा वन हा हायस्कूलचा विषय मानतात. मूल कितवीत बसून शिकलं हे त्यात बघत नाहीत. व्हर्जिनियात एका क्रेडिटमागे 140 तासांचं शिकवणं धरलेलं असतं, आणि हायस्कूल पूर्ण केल्याच्या साध्या डिप्लोमाला 22, वरच्या डिप्लोमाला 26 क्रेडिट लागतात. त्यातलं एक आमच्या नातीने सातवीत मिळवलं. स्पॅनिश, फ्रेंच अशा भाषांचंही तेच. सोय चांगली आहे, हुशार मुलाला थांबून राहावं लागत नाही. पण क्रेडिटबरोबर ग्रेडही गेला. हायस्कूलची पायरी चढायला पोरीला अजून एक अख्खं वर्ष आहे, आणि तिच्या हायस्कूलच्या कागदावर पहिली ओळ लिहूनही झाली होती: अल्जेब्रा वन, सी प्लस.

लेक म्हणत होता तो अर्ज याच ठिकाणी लागतो. मिडल स्कूलमध्ये, म्हणजे नववीच्या आधी, घेतलेल्या अशा विषयाचा ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर घेऊ नका, असं पालक सांगू शकतात. राज्याचा तसा नियमच आहे. मात्र ग्रेड गेला की क्रेडिटही जातं. दोन्हीतलं एक ठेवून एक टाकता येत नाही.

"हे वर्ग निवडतानाच कुणी सांगितलं नाही का गं?" मी सूनबाईला विचारलं. तिने शोधलं. वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या जाडजूड पुस्तिकेत एक ओळ होती. अर्जाची मुदत आणि नमुना मात्र आता, निकालाच्या सोबत आला. आणि ज्या पोरीचा ग्रेड आहे तिला वर्षभर कुणी एका शब्दानेही सांगितलं नव्हतं की बाई गं, हे पुढे मोजणार आहेत. त्या शाळेत बाकी सगळं उत्तम आहे, शिक्षक जीव लावतात. पण या एका गोष्टीचा मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

रागाचं कारण 2021 सालात आहे.

त्या वर्षी करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल कसा लावायचा याचं सूत्र ठरलं: 30 गुण दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे, 20 तोंडी, प्रात्यक्षिक आणि गृहपाठाचे, आणि 50 गुण नववीच्या निकालावरून. अर्धा निकाल नववीचा! त्यात भर अशी की ही पोरं नववीत होती ते वर्ष 2019-20 चं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली होती आणि मुख्यतः पहिल्या सत्राच्या गुणांवर निकाल लावला गेला होता. म्हणजे नववीच्या दिवाळीआधी जे लिहिलं, ते जाऊन बसलं दहावीच्या गुणपत्रिकेत. जूनभर आम्ही शिक्षक जुनी रजिस्टरं काढून आकडे भरत होतो. 16 जुलैला निकाल लागला, राज्यात 99.95 टक्के पास. पेपरांत मोठमोठे मथळे आले.

निकालानंतर दोन-तीन दिवसांनी माझा एक विद्यार्थी घरी आला. मास्क लावून फाटकाबाहेरच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. नववीच्या पहिल्या सत्रात त्याचे वडील दवाखान्यात होते, पोरगा दुकान सांभाळत होता, गणितात कसाबसा काठावर पास झालेला. दहावीत मात्र त्याने अशी मेहनत केली की ऑनलाइन वर्गात सगळ्यात आधी उत्तर त्याचंच यायचं. गुणपत्रिका हातात धरून तो म्हणाला, "मॅडम, नववी तर मोजत नाहीत म्हणे ना? तुम्हीच म्हणत होत्या."

म्हणत होते. दरवर्षी म्हणत होते. नववीत पाया पक्का करा, मार्कांचं टेन्शन दहावीत घ्या, हे वाक्य मी किती वर्गांना सांगितलं असेल! त्या साथीच्या वर्षात दुसरा मार्ग काय होता हे मलाही सांगता येणार नाही, आणि सूत्र ठरवणाऱ्यांना मी बोल लावत नाही. पण त्या पोराला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकले नाही. पाणी पिऊन जा म्हणाले, तेवढंच.

म्हणून लेकाचा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते फाटक आलं. खेळ संपल्यावर सांगायचं की हा डाव धरणार होतो, हे मुलांशी करू नये. मोजायचं तर मोजा. पण पहिल्या दिवशी, त्या मुलाला समोर बसवून, त्याला कळेल अशा भाषेत सांगा.

तर आता पुसायचा की ठेवायचा? घरात दोन तट पडले. सूनबाई म्हणे पुसून टाकू, स्वच्छ सुरुवात होईल. लेक म्हणे क्रेडिट कशाला घालवायचं, एवढा काय फरक पडतो? मी म्हटलं, फरक किती पडतो ते मोजूनच बघू या. जुनी वही काढली.

समजा पोरगी वर्षाला सात विषय घेते आणि सगळीकडे ए आणते. तसं कुणाचं होत नाही, पण हिशेबाला सोपं. नववी संपली की सात ए म्हणजे 28, त्यात 2.3, भागिले 8. आलं 3.79. म्हणजे नववीच्या शेवटी तो एकटा सी प्लस चारातून जवळजवळ 0.21 खातो. अकरावी संपताना 21 ए, म्हणजे 84 अधिक 2.3, भागिले 22. आलं 3.92. बारावी संपताना 29 विषयांवर 3.94. जसजसे विषय वाढतात तसतसा तो एक ग्रेड विरत जातो, पातेलंभर वरणात चमचाभर मीठ जास्त पडलं आणि वर पाणी ओतत गेलं तसा. पूर्ण जात मात्र नाही. आणि कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीला जातात, तेव्हा कागदावर अकरावीपर्यंतचाच आकडा असतो, हेही धरावं लागतं.

लेकाला आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो? ठेवू या."

संध्याकाळी फिरायला गेले तर तिथेही तोच विषय निघाला. आमच्या कॉलनीतल्या एका ताईंची लेक कॅलिफोर्नियात असते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असं नाही हो." रात्री त्यांच्या लेकीशी बोलून खात्री केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जो जीपीए काढते, त्यात नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंतचेच विषय धरते. सातवी-आठवीत घेतलेलं गणित किंवा परकी भाषा सी किंवा वर असेल तर "हा विषय झाला" म्हणून मान्य होते, पण सरासरीत येत नाही. ऐकून मला इतकं बरं वाटलं! शिकलेलं मान्य करायचं आणि बाराव्या-तेराव्या वर्षीचा आकडा सोडून द्यायचा. दुसऱ्या एकीचा भाचा फ्लोरिडात आहे. तिथे मिडल स्कूलच्या मुलाला अशा विषयात सी किंवा त्याहून कमी मिळाला, तर तोच विषय परत करून वरचा ग्रेड त्या जागी बसवता येतो. हायस्कूलच्या मुलाला ही सवलत डी आणि एफ लाच, लहानांना सी लाही. तेवढी माया त्या नियमात आहे.

एका बागेच्या चकरा मारता मारता तीन राज्यं आणि तीन तऱ्हा. त्यातही राज्याच्या खाली जिल्ह्या-जिल्ह्याच्या शाळांचं आपापलं वेगळं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी "अमेरिकेत असं असतं" म्हणून सांगितलं तर त्यावर जाऊ नका. आपलं मूल ज्या शाळेत आहे, त्या शाळेच्या समुपदेशकाला पत्र लिहून विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

पण या सगळ्या हिशेबात एक प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पोरीला अल्जेब्रा येतो का?

मी लेकाला म्हटलं, मुदत संपायला तीन आठवडे आहेत ना, तोवर रोज तिला माझ्याकडे दे. माझे सकाळचे सहा म्हणजे तिच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. चहा घेऊन मी बसायची, ती जेवून बसायची.

पहिले दोन दिवस एकचल समीकरणं दिली. झपाझप सोडवली, एकही चूक नाही. मग तिसऱ्या दिवशी (x + 3) चा वर्ग विचारला. तिने क्षणाचाही विचार न करता लिहिलं, x वर्ग अधिक 9. मी काही बोलले नाही. विचारलं, x च्या जागी 2 घालून बघ. डावीकडे 25 आले, उजवीकडे 13. ती बघत राहिली. म्हणाली, "आजी, टीचरनी फॉइल सांगितलं होतं. फर्स्ट, आउटर, इनर, लास्ट. मी विसरते मधले दोन."

मधले दोन. तिचा अख्खा सी प्लस त्या मधल्या दोनांत होता. वर्ग विस्तार चुकला की अवयव चुकतात, अवयव चुकले की वर्गसमीकरण चुकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांचं सगळं त्यावरच उभं.

मी फोन उचलला आणि अंगणात गेले. नुकताच सडा घातला होता, जमीन ओली होती. फोन कुंडीला टेकवून ठेवला, रांगोळीचा डबा घेतला आणि मोठा चौकोन काढला. एक आडवी रेघ, एक उभी. चार खोल्या झाल्या. "ही मोठी खोली x बाय x, हिचं क्षेत्रफळ सांग." "x स्क्वेअर्ड." "ही कोपऱ्यातली लहानशी, 3 बाय 3." "नाइन." "आणि या दोन?"

बराच वेळ तिकडून आवाज नाही. मला वाटलं नेट गेलं. मग एकदम, "आजी, या दोन पॅसेज आहेत! थ्री एक्स, थ्री एक्स! मी पॅसेज मोजतच नव्हते. खोल्या मोजत होते फक्त."

मी तिथेच ओल्या अंगणात टेकले. शाळेत पोरांना मी फळ्यावर हाच चौकोन काढून दाखवायची, पण पॅसेज हा शब्द कधी सुचला नव्हता. तिचा आहे तो.

पुढच्या आठवड्यात चित्र आणखी स्पष्ट झालं. एक एक पाठ उघडत गेलो आणि कळत गेलं की तिला निम्मं पक्कं येत होतं, निम्मं नुसतं पाठ होतं. अशा पायावर जॉमेट्री, मग अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस. आताच्या गतीने गेली तर कॅल्क्युलस अकरावीत येतो. एक वर्ष थांबून अल्जेब्रा परत केला तर बारावीत येतो. बारावीत! तरी लेक म्हणत होता, "वर्ष मागे पडेल."

"कोणाच्या मागे?" मी विचारलं.

तो जरा चिडला. "माझ्या वेळी तू असं केलं असतं का आई? मला तर तू 96 आले तरी विचारायची, चार कुठे गेले म्हणून."

खरं होतं. मी त्याला सांगितलं, नसतं केलं. आपल्याकडे ती सोयच नव्हती, आणि असती तरी मी हात लावला नसता, कारण तेव्हा मला लोकांची भीती होती. आता नाही. त्यावर तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "तिलाच विचारू या."

तिला विचारलं. ती आधी रडली. तिच्या दोन्ही मैत्रिणी आठवीत जॉमेट्रीला जाणार, आणि ही परत त्याच वर्गात. "आजी, सगळ्यांना वाटेल मला काही येत नाही." मी तिला खोटं सांगितलं नाही. काहींना वाटेल, म्हटलं. आणि ट्रान्सक्रिप्टवरचा आकडा, कॉलेज, यातलं तिला काहीही सांगू नका, असं मी लेकाला आणि सुनेला आधीच बजावलं होतं. मग तेही बरोबर वाटेना. कुणी सांगितलं नाही म्हणून तर मी इतकी चिडले होते. शेवटी तिघांनी मिळून तिला सगळं समजावलं: ग्रेड ठेवला तर काय, काढला तर काय, क्रेडिट म्हणजे काय. माझ्या वहीतले आकडेही दाखवले. बारा वर्षांच्या पोरीला सगळं कळलं. भागाकार तिने आमच्या आधी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन. नमस्कार नाही, काही नाही. "मी परत करते अल्जेब्रा. पण टीचर म्हणाली फॉइल, तर मी पॅसेजच काढणार."

मुदतीच्या चार दिवस आधी अर्ज गेला. लेकाने सही करतानाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ग्रेड आणि क्रेडिट दोन्ही काढले, आठवीत अल्जेब्रा वनला नाव घातलं. या खेपेला जो ग्रेड येईल तो कागदावर जाऊ शकतो, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आपल्याकडेही वारं तिकडेच वाहतं आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आराखडा आला. त्यात शाळेच्या एका वर्षाचे 1200 तास आणि 40 श्रेयांक धरले आहेत, म्हणजे श्रेयांक आता फक्त कॉलेजचा शब्द राहिला नाही. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण जे कुणी आमच्या शाळांमध्ये हे बसवतील, त्यांनी पहिलं पान मुलांसाठी लिहावं. काय मोजणार, कधीपासून मोजणार, आणि चुकलं तर परत कसं करायचं.

नातीची शाळा ऑगस्टच्या शेवटी उघडली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. आदल्या दिवशी बोंडांसाठी आणलेलं अर्धं कोहळं ओट्यावर उरलं होतं.

"आजी, वर्गाचं झालं. पण (x + 3) चा घन असेल तर? रांगोळीत कसा काढायचा?"

"रांगोळीत नाही येत तो," मी म्हटलं. "थांब."

कोहळ्याची जाड फोड काढली, चारी बाजूंनी सोलून ठोकळा केला. फोन साखरेच्या डब्याला टेकवला. सुरी एकदा उभी, एकदा आडवी आणि एकदा मधून चालवली. आठ तुकडे ताटात मांडले आणि तिला म्हटलं, आता यातल्या खोल्या कोणत्या आणि पॅसेज कोणते, ते तू सांग.